माऊस जाळीत टांगणाऱ्या बागवान मॅडम

मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात पत्रकं होती. नेहमीच असतात. विद्यार्थी संघटनेच्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही घड्या घालत होतो आणि कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर प्रथमेशचा मेसेज आला, "बागवान मॅडम गेल्या रे." एवढाच. त्याच्याखाली लगेच सुरू झालं. हात जोडलेले, दिवा लावलेला, पांढऱ्या फुलांवर सोनेरी अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एकाने टाकलं की दुसरा तेच पुढे ढकलतो. ज्या पोरांनी या बाईला वर्षभर 'टायपिंगवाली' म्हणून हिणवलं, त्यांच्याही मोबाईलमधून भाव पूर्ण होऊन बाहेर पडत होता. मी फोन उलटा ठेवला आणि घड्या घालत राहिले. मग लक्षात आलं, की मी कागदाची कड कडेला लावून, नखाने दाबून, अगदी सरळ घडी घालतेय... हे त्यांचंच. वाकडी घडी त्यांना सहन व्हायची नाही. मी उठले आणि बस पकडून नाना पेठेत गेले.

घरात बायका कुराण वाचत बसल्या होत्या. बाहेरच्या बाकावर त्यांचे धाकटे भाऊ, युनूसभाई. त्यांचं फळांचं दुकान. मला बघून ओळख पटायला त्यांना थोडा वेळ लागला. "तू ती पत्रकवाली ना बेटा?" मी मान हलवली. "आपा म्हणायची, एक पोरगी आहे, भांडते चांगली, पण समास सोडत नाही." असं म्हणून ते हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा कसानुसा झाला. साधा ताप म्हणून बाई घरीच पडून होत्या, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मोर्चात माझा आवाज सगळ्यात मोठा असतो. तिथे तो निघालाच नाही.

काही आठवडे झालेत. मला शांत बसता येत नाहीये म्हणून लिहितेय. दुःख हलकं व्हावं म्हणून नाही, ते सांगणारे वेगळे. मला एक गोष्ट खुपतेय आणि ती सांगायची तर आधी मॅडम सांगाव्या लागतील.

सोलापूर रस्त्यावरचं आमचं कॉमर्स कॉलेज. नाव लिहीत नाही, कारण तुमच्या शेजारच्या कॉलेजातही हेच चालतं. मी मांजरीहून यायचे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला व्यवसायासाठी संगणक असा विषय होता. पत्रव्यवहार, एक्सेलमधला हिशेब, बिल तयार करणं, मेल मर्ज. लेखी पेपरही होता आणि प्रॅक्टिकलही. ते तासिका तत्त्वावरच्या बागवान मॅडमकडे. तासिका तत्त्वावर म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. मिळाली तर मिळाली. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी. आधी कितीतरी वर्षं भवानी पेठेतल्या एका टंकलेखन संस्थेत शिकवायच्या. टाइपरायटर गेले, संगणक आले, बाई आधी स्वतः शिकल्या, मग एम.कॉम. केलं आणि आमच्या वाट्याला आल्या.

पहिल्याच तासाला आम्ही लॅबमध्ये धावत जाऊन जागा पकडल्या. बघतो तर एकाही संगणकाला माऊस नाही. दाराजवळच्या खिळ्याला मोसंब्यांची लाल जाळीची पिशवी लटकत होती आणि त्या जाळीत सगळे माऊस कोंबलेले. जाळीच्या भोकांतून शेपट्या बाहेर.

"मॅडम, उंदीर पकडलेत का?" मागून कोणीतरी.

"हो. आणि दिवाळीपर्यंत सोडणार नाही," मॅडम म्हणाल्या. "अहो, आपण दुकानात बसलाय. समोर गिऱ्हाईक उभं आहे, त्याच्यामागे अजून दोघं आहेत. तुम्ही बाण शोधत स्क्रीनभर फिरणार का? दोन्ही हात की-बोर्डवर. एफ आणि जे या बटनांवर बारीक उंचवटा आहे, तो हाताला लागतोय का बघा. डोळ्यांनी नाही बघायचं."

आणि मग त्यांनी पर्समधून हातरुमाल काढले. एक नाही, गठ्ठाच. टायपिंगच्या क्लासातली जुनी रीत, हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं चालवायची. आम्ही वीस वर्षांची घोडी, हातावर रुमाल टाकून आंधळ्यासारखी 'एएसडीएफ' बडवत होतो. शेजारच्या बी.बी.ए.ची मुलं खिडकीतून बघून हसत होती. माझं डोकं तडकलं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बरंच हाय की. स्वैपाक पण अशाच अंदाजानी होतो." आईचं काही सांगू नका.

मी तेव्हा संघटनेत नवीन होते. पत्रक लिहिण्याची नुसती खाज. त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. मथळा होता, 'एकविसाव्या शतकात माऊसवर बंदी!' खाली तीन उद्गारचिन्हं, त्याखाली मॅडमचा धिक्कार. गेटवर वाटलं, भिंतीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले तर मॅडमच्या टेबलावर तेच पत्रक, लाल पेनाने खुणा केलेलं.

"या पुढारी, बसा." त्या सगळ्या विद्यार्थ्यांना अहो-जाहोच करायच्या. टोमणा मारताना तर हमखास. "डावीकडे समास नाही. फाईलला लावलं की पहिली अक्षरं भोकात जाणार. तीन उद्गारचिन्हांनी राग तिप्पट होत नाही, एकाने भागतं. आणि मागणी कुठे आहे?"

"माऊस द्या, ही मागणी आहे."

"कोणी द्या? मी?" त्यांनी खिळ्यावरची जाळी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "बघा. अर्ध्या मुलांनाही पुरणार नाहीत. जे आहेत त्यातले काही डावीकडे जातात, उजवीकडे जात नाहीत."

मी थक्क. "मग हे वर्गात सांगा ना! दुकान आणि गिऱ्हाईक कशाला सांगता?"

"सांगितलं की पुढच्या बाकावरचे पळत येऊन घेतात. मांजरी आणि लोणीची बस उशिरा येते, ती मुलं मागे राहतात. त्यांना कधीच मिळत नाही. त्यापेक्षा कोणालाच नको. आणि खोटं काही बोलले नाही मी. की-बोर्ड आलाच पाहिजे."

मांजरीची बस माझी होती. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून म्हटलं, "म्हणजे आमची मागणी बरोबरच आहे."

"मागणी बरोबर आहे. पत्ता चुकलाय. माऊस संस्था विकत घेते, बागवान नाही. किती हवेत, कुठल्या लॅबला, कोणी घ्यायचे, कधीपर्यंत. एवढं एका पानात लिहा, ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. घोषणेला भिंत लागते, अर्जाला आवक क्रमांक लागतो." मग त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि तो अर्ज माझ्याकडूनच टाइप करून घेतला. रुमालाखाली. माझ्या बंडाचं हे असं प्रॅक्टिकल झालं.

माऊस आले. लगेच नाही आले, मी चार वेळा ऑफिसात जाऊन त्या शिक्क्यावर बोट ठेवलं तेव्हा आले. खोकी उघडताना मी विजयी मुद्रेने उभी. मॅडमनी सगळे नवे माऊस मोजून घेतले, पुसले आणि एकेक करून लाल जाळीत भरले.

"मॅडम! आता तर पुरेसे आहेत!"

"म्हणून तर. आता दिवाळीपर्यंत हात लावायचा मोह जास्त होणार."

असल्या बाईशी भांडायचं कसं? मी भांडत राहिले. मला अजूनही वाटतं त्या थोडं जास्तच ताणायच्या. पण आज मी की-बोर्डकडे न बघता लिहितेय हेही खरं.

खुपणारी गोष्ट इथून सुरू होते. दिवाळीनंतर माऊस सुटले आणि लॅब बंद झाली. म्हणजे आमच्यासाठी बंद. संस्थेने ती बाहेरच्या ऑनलाइन परीक्षांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. कधी बँकेची, कधी भरतीची, कधी कसली. दाराला कुलूप, बाहेर पोलीस नाहीतर दंडावर पट्टी बांधलेला कोणीतरी, आणि नोटीस, 'आज प्रॅक्टिकल होणार नाहीत.' आज म्हणता म्हणता आख्खं सत्र तसंच गेलं. विभागप्रमुख सरांनी तोडगा काढला. मुलांनी जर्नल लिहून आणायचं. संगणकाचं प्रॅक्टिकल वहीत! पट्टीने चौकट आखायची, पेन्सिलीने आत एक्सेलचे रकाने काढायचे, वर मेनूची नावं लिहायची, खाली 'निष्कर्ष: अशा प्रकारे मेल मर्ज केले'. बाहेरच्या राज्यातल्या कोणाला सांगितलं तर तो हसेल. आमच्याकडे कोणी हसत नाही, सगळे आखतात. झेरॉक्सच्या दुकानात गेल्या वर्षीची जर्नल्स तयार मिळतात. मॅडमनी शेवटच्या पानावर सही करायची, सगळ्यांना मार्क, सगळे पास.

मॅडमनी सही करायला नकार दिला.

मला वाटलं, आता वर्ग पेटून उठणार. उठला, पण मॅडमच्या विरोधात. पेठेतून येणारा प्रथमेश, चांगला मुलगा, तोच पुढे. "मॅडम, करा ना साइन. सगळीकडे असंच चालतं. आमचं वर्ष कशाला अडवता?"

"वर्ष नाही अडवत. लॅब उघडून द्या म्हणून मी तीन अर्ज केलेत. उघडली की एका महिन्यात सगळ्यांचं करून घेते."

"आणि नाही उघडली तर?"

"मेल मर्ज म्हणजे काय, सांगता?"

प्रथमेशने जर्नल उघडून वाचून दाखवलं. पत्र एकच ठेवायचं, नावांची यादी वेगळी ठेवायची, मग संगणक प्रत्येक पत्रावर वेगळं नाव आपोआप घालतो. घडाघडा.

"छान. केलंय कधी?"

"आकृती काढलीय ना मॅडम." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, मोर्चा काढते. तुमची ऑर्डर जूनमध्ये याच लोकांच्या सहीने निघते, तुम्ही पुढे येऊ नका, मी बघते. त्या म्हणाल्या, "काढा. फक्त मोर्चातली मुलं प्रॅक्टिकलसाठी येतील का, ते आधी विचारा." मी विचारलं. आली नसती. खरं सांगते, या शहरात शिक्षणासाठी मोर्चा काढणं सोपं आहे, शिकण्यासाठी माणसं जमवणं अवघड. फुकटचे मार्क मिळत असताना त्याविरुद्ध कोण घोषणा देणार? मी कोणासाठी लढतेय हेच मला कळेना. शेवटी प्रथमेशला धरलं. त्याच्या मोठ्या भावाला एका हिशेबनिसाच्या ऑफिसातून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं, सर्टिफिकेट होतं आणि हात चालत नव्हता. त्याची आठवण करून दिली तेव्हा तो वरमला. "बरं, काय करायचं?"

आम्ही ठरवलं, संस्थेच्या प्रत्येक विश्वस्ताला नावानिशी पत्र. मॅडमचाच मसुद्याचा नमुना. आणि मेल मर्जने, म्हणजे संस्थेलाही दिसेल मुलांना काय येतं! हडपसरला गाडीतळाजवळ प्रथमेशच्या मावसभावाचं झेरॉक्सचं दुकान, तिथे बसलो. विश्वस्तांची यादी त्याने कॉलेजच्या वार्षिक अंकातून जशीच्या तशी उतरवली. पाकिटांवर पत्ते मी हाताने घातले. पत्रं निघाली, घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली, पाठवून दिली. काय तो उत्साह.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. विश्वस्त मंडळाची बैठक, मी, प्रथमेश आणि बागवान मॅडम हजर. लांबलचक टेबल, भिंतीवर संस्थापकांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. प्रत्येक विश्वस्तापुढे आमचं पत्र उघडलेलं. अध्यक्ष लालबुंद. "ही काय चेष्टा आहे?" त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. पत्र सुरू होत होतं कैलासवासी संस्थापकांच्या नावाने. खाली, 'स.न.वि.वि. गेल्या वर्षभरात आपण एकदाही लॅबला भेट दिलेली नाही, ही अत्यंत खेदाची बाब आहे.' शेजारच्या विश्वस्तांचं पत्र बघितलं. तेच. त्याच्या पुढचं, तेच. वार्षिक अंकात पहिलं नाव संस्थापकांचं. आम्ही यादी जोडली होती, पहिलं पत्र पडद्यावर बरोबर दिसलं म्हणून खूश होऊन तेच छापत सुटलो. एकाच नावाची सगळी पत्रं, पाकिटं मात्र वेगवेगळी. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला हार घातलेल्या माणसाच्या नावाचं पत्र मिळालं होतं.

"मॅडम, ही तुमची मुलं," विभागप्रमुख हळूच म्हणाले. त्या 'तुमची'मध्ये काय होतं, ते कळायला मराठी यायला लागतं.

मॅडमनी चष्मा लावला, पत्र उभ्यानेच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता माफी मागतील. मागितली असती तरी मी दोष दिला नसता, त्यांचं पोट याच लोकांच्या हातात होतं.

"समास बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाकी पत्र चुकलंय. याला मेल मर्ज म्हणतात. या मुलांना मेल मर्जच्या प्रॅक्टिकलचे मार्क देऊन टाका, असं मला विभागाने सांगितलंय. पैकीच्या पैकी दिले तरी चालतील म्हणाले. पत्र आपल्या सगळ्यांच्या हातात आहे... द्यायचे का, आपणच सांगा."

मग कोपऱ्यातले एक म्हातारे विश्वस्त, आतापर्यंत पेंगत होते, त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "पत्र त्यांना आलंय. उत्तर त्यांनीच द्यायला हवं. पण त्यांनी लॅब उघडली असती, एवढं मला माहितेय." कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं, अध्यक्षांना हसावं लागलं. रविवार सकाळ लॅब आमची, असा ठराव झाला. बाहेर आल्यावर मी आनंदाने काहीतरी बडबडत होते. मॅडम प्रथमेशला म्हणाल्या, "छापायच्या आधी दुसरं नाव बघितलं होतं का? नाही ना? रविवारी आठ वाजता."

त्या रविवारांबद्दल मला लिहिता येत नाही नीट. कुरकुरत, जांभया देत आलेली मुलं, कोणाच्या डब्यात पोहे, कोणाचा रविवारचा क्रिकेटचा डाव बुडाला म्हणून तोंड वाकडं. मॅडम येताना भावाच्या दुकानातून पेरू आणायच्या आणि दारातच सांगायच्या, "हात धुतल्याशिवाय की-बोर्डला हात लावाल तर बघा." प्रत्येकाने एकट्याने बिल करायचं, मालाचा हिशेब लावायचा, मेल मर्ज करायचं. दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघितलं की हातावर रुमाल यायचा. प्रथमेशचं मेल मर्ज पहिल्यांदा बरोबर आलं तेव्हा त्याने एकेक नाव पुढे सरकवत यादीच्या शेवटापर्यंत बघितलं आणि वेड्यासारखा ओरडला, "मॅडम, सगळे जिवंत आहेत!" त्या दिवशी त्या मोठ्याने हसल्या. तेवढं एकदाच मी बघितलं. मग त्या जर्नल घ्यायच्या आणि मराठीत, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही करायच्या. जून उजाडायच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या.

आणि जूनमध्ये त्यांना ऑर्डर आली नाही. कोणी काढलं नाही हो, काढायला त्या होत्याच कुठे? 'यंदा तासिका उपलब्ध नाहीत.' एवढंच. कोणाच्या नावाने मुर्दाबाद म्हणणार? दार लावणाराच दिसत नाही. मी पेटले. संघटनेतल्या अभिजितदादाने फ्लेक्सचं डिझाइन करून दिलं. पेरू हातात घेऊन हसणाऱ्या मॅडम, रविवारी काढलेला फोटो, खाली, 'बागवान मॅडमना न्याय द्या!' एकच उद्गारचिन्ह. मी नमुना घेऊन नाना पेठेत दुकानावर गेले. मॅडम आत संगणकावर भावाची बिलं करत होत्या, की-बोर्डकडे न बघता. पायाशी मोसंब्यांच्या लाल जाळ्यांचा ढीग.

त्यांनी नमुना बघितला आणि घडी घालून मला परत दिला. कड कडेला लावून. "नको."

मला वाटलं मला समजलं. "घरच्यांना चालणार नाही का?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. "घरच्यांना? बाहेर बघ. युनूसने ईदला स्वतःचा फोटो केवढा मोठा लावलाय. त्याच्या दुकानापेक्षा मोठा आहे तो. मला नको आहे, मला. कळतंय का तुला? या गावात चौकाचौकात फोटो आहेत. माझा लावलास की लोक माझ्याकडे बघतील, अरेरे म्हणतील, पुढे जातील. लॅबच्या कुलपाकडे कोण बघणार?"

"मग आम्ही काहीच करायचं नाही?"

"रविवारी लॅब उघडते का, ते बघायचं. नवीन मुलं आली असतील."

"तुम्ही नसताना?"

"मी होते म्हणूनच उघडायची असेल, तर आपण मिळवलं काय?" मग आवाज खाली आला. "मोसंबी घेऊन जा आईला. आणि रागावून जाऊ नकोस."

मी रागावूनच गेले. तीच शेवटची भेट. ठराव कागदावर राहिला. नव्या सरांनी थोडे रविवार लॅब उघडली, मग बाहेरच्या परीक्षांनी रविवारही घेतला. कॉलेज संपल्यावरही मी विभागप्रमुखांशी भांडत राहिले, ते म्हणाले, "आता तुम्ही माजी विद्यार्थिनी आहात."

मॅडम गेल्यावर कॉलेजने शोकसभा घेतली, तीही पार्किंगच्या शेडमध्ये. लॅब रिकामी नव्हती, आत परीक्षा चालू होती. प्राचार्य म्हणाले, "बागवान मॅडम या आमच्या परिवाराचा अविभाज्य भाग होत्या." अविभाज्य! जूनमध्ये तो भाग किती अलगद बाजूला झाला होता. दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मला म्हणाली, "ताई, मॅडम फार स्ट्रिक्ट होत्या ना? आमचं बरंय, आमच्या जर्नलवर सह्या झाल्यापण." मी विचारलं, मेल मर्ज केलंस? ती म्हणाली, "आकृती काढलीय ना."

परीक्षा सुटल्यावर मी वर गेले. शिपाईमामा लॅब झाडत होते. माऊस सगळे टेबलांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकलेले. खिळ्यावर रिकामी लाल जाळी. "ही टाकून देऊ का?" मामांनी विचारलं. मी ती बॅगेत घातली.

संध्याकाळी अभिजितदादाचा फोन. "तो जुना फ्लेक्स काढ. आता छापायचाच. आता तर... लोकांना चेहरा लागतो गं, चेहऱ्याशिवाय आंदोलन उभं राहत नाही." तो वाईट माणूस नाही आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. पत्रकाच्या धंद्यात मी एवढं शिकलेय. आता नको म्हणायला मॅडमही नाहीत. रात्रंदिवस तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, पेरू हातात धरलेला, आणि मला माहीत होतं की हा लावला तर गर्दी जमेल. हेच खुपतंय मला अजून. गर्दी जमली असती. मी नाही म्हणाले. दादा दोन दिवस बोलला नाही.

मग मी प्रथमेशला बोलावलं. तो आता एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंगला आहे, हात चालतो त्याचा. आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी रविवारच्या लॅबचा अर्ज लिहिला. जुन्या ठरावाचा उल्लेख, कुठली लॅब, कोणी उघडायची, कधीपासून. प्रत्येक विश्वस्ताला वेगळं पत्र. छापायच्या आधी एकेक नाव पुढे सरकवून बघितलं. संस्थापकांना या वेळी वगळलं. ऑफिसात दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. उत्तर अजून नाही. त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी रविवारी आठ वाजता यायला सांगितलं. आल्या. दोघी कुरकुरत, एक उशिरा, लोणीची बस. दाराला कुलूप होतं. व्हरांड्यात बसलो, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, माऊसशिवाय. माझ्याकडे रुमाल एकच होता, तो आळीपाळीने हातावर टाकला. पुढच्या रविवारीही बसणार आहोत.

हा लेख पाठवते म्हटलं तेव्हा वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं, सोबत मॅडमचा फोटो लागेल. मी तो पाठवलेला नाही. त्या रविवारी निघताना मी बॅगेतली लाल जाळी काढली, लॅबच्या कुलपाला अडकवली आणि त्याचा फोटो काढला. तो पाठवलाय. छापला असेल तर जाळीकडे बघून अरेरे म्हणू नका. तिच्या मागे बघा... कुलूप दिसतंय का?